आखाजी, उचल आणि चुकलेली तारीख : रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका मुलीच्या कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पारोळा आणि अमळनेर या तालुक्यांच्या शिवेवर, बोरी नदीपासून जवळ असलेल्या एका गावातील पाच वर्षांच्या मुलीला सप्टेंबर २०२३ मध्ये रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर जवळजवळ आठ महिने तिच्या आईवडिलांनी मुंबईत राहून उपचारांचा सर्वांत कठीण भाग पार पाडला आणि त्या काळात एकही तारीख चुकवली नाही. मुलगी चालू-फिरू लागल्यावर, तिच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागल्यावर, गावी परतल्यानंतरची पहिलीच तारीख मात्र चुकली. जळगाव जिल्ह्यात अशा कुटुंबांसोबत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना हे प्रकरण मी सुरुवातीपासून पाहिले. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडते आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उपचार सुटण्याची कारणे आपण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधतो, आणि या प्रकरणात मीही ती चुकीच्याच ठिकाणी शोधत होते, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मुलीचे वडील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर, आहेत. खान्देशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. त्या दिवशी मागचा हिशेब होतो, नवे साल तोंडी ठरते आणि मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते. ही उचल जुने देणे, घराची डागडुजी, एखादे लग्न यांत बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच संपते आणि पुढचे वर्षभर अंगमेहनतीने ती फेडत राहावे लागते. आई हंगामात निंदणीला आणि कापूस वेचणीला रोजाने जाते. घरात आजी आहे आणि मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा, त्या वेळी चौथीत असलेला भाऊ आहे. घरातील बोलणे अहिराणीत चालते. वडिलांना वाचता येते. आईला आकडे ओळखू येतात, अक्षरे येत नाहीत.

२०२३ साली श्रावण अधिक होता. त्या अधिक महिन्यात मुलीला वारंवार ताप येऊ लागला, चेहरा पांढुरका पडला, पाय दुखतात म्हणून ती चालायला नकार देऊ लागली आणि पोटऱ्यांवर निळसर डाग दिसू लागले. जवळच्या दवाखान्यात तापाची औषधे आणि सलाईन झाले. मग तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासल्यावर ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून डेंग्यूच्या संशयाने पाच दिवस दाखल करून घेण्यात आले. पावसाळ्यात हा संशय येणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. एका ठिकाणी पायांचे दुखणे सांध्यांचे समजून स्टिरॉइड सुरू करण्याचा विचार झाला होता, तो अमलात आला नाही हे मात्र चांगले झाले. कारण निदानापूर्वी दिलेले स्टिरॉइड कर्करोगाच्या पेशी तात्पुरत्या कमी करते, रुग्णाला बरे वाटते आणि आजार झाकला जातो. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवली आणि त्यात अपरिपक्व पेशी दिसल्या. कुटुंबाला जळगावला आणि तेथून मुंबईला जाण्यास सांगण्यात आले.

आमच्याकडच्या खेड्यांत ‘टाटाला नेलं’ एवढे दोन शब्द पुरतात. कर्करोग हा शब्द कोणी उच्चारत नाही. गावात कानबाईचे, म्हणजे खान्देशात श्रावणात बसणाऱ्या देवीचे, विसर्जन झाले त्या रात्री आईवडील मुलीला घेऊन जळगावहून अमरावती एक्स्प्रेसने निघाले. आई त्यापूर्वी कधी अमळनेरच्या पलीकडे गेलेली नव्हती.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे निदान पक्के झाले. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग असून दोन ते पाच वर्षांच्या वयात तो अधिक दिसतो, आणि पूर्ण उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले त्यातून बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. औषधे तीच असताना एवढा फरक पडतो, त्याला उशिरा होणारे निदान, उपचारांदरम्यानचा जंतुसंसर्ग आणि उपचार मध्येच सुटणे ही मोठी कारणे आहेत. सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ठरलेले उपचार चुकले, तर वैद्यकीय भाषेत त्याला उपचार सोडणे म्हणतात. गावाच्या भाषेत त्याला असे कोणतेही नाव नाही. तिथे फक्त ‘आता बरं आहे’ असे म्हणतात.

मुंबईतील महिन्यांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तेथील आधार चांगला होता आणि त्याची घडी बसलेली आहे. पहिले काही दिवस कुटुंब दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले, नंतर त्यांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या एका केंद्रात खोली मिळाली. २००६ पासून मुंबईत सुरू झालेल्या या केंद्रांत उपचार चालू असलेल्या मुलांची कुटुंबे विनामूल्य राहतात आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात. आईला चुलीची जागा मिळाली आणि कळण्याची भाकरी थापता आली, याचा उल्लेख ती आजही औषधांच्या आधी करते. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबतच्या व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते, त्याची कागदपत्रे रुग्णालयातून झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अडचण आली ती एकच : शिधापत्रिकेवर मुलीचे नाव नव्हते. जन्मानंतर पाच वर्षांत ते घालायला कोणी गेलेच नव्हते. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात दोन खेपा घातल्यावर ते काम झाले. माझा अनुभव असा की लहान मुलांच्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत ही त्रुटी पुन्हा पुन्हा आढळते. म्हणून आता कुटुंब मुंबईला निघण्यापूर्वीच मी शिधापत्रिका उघडून नावे मोजते.

याच काळात गावातील काही तरुणांनी सद्भावनेने मुलीचे केस गेलेले छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरवून मदतीचे आवाहन केले. बऱ्यापैकी रक्कम जमली आणि तिचा उपयोगही झाला. परंतु ते छायाचित्र आईच्या माहेरापर्यंत पोहोचले, त्यावर ‘पोरगी जगत नाही’ अशी बोलणी झाली आणि आईने महिनाभर माहेरचा फोन घेतला नाही. मदत मागताना मुलाचा चेहरा दाखवू नये, हे मी त्यानंतर प्रत्येक गावात सांगते. रुग्णालयाचे पत्र आणि खर्चाचा कागद पुरेसा असतो. तेवढ्यावर जे देणार नाहीत, त्यांच्यासाठी मुलाची अब्रू खर्ची घालण्याचे कारण नाही.

मागे राहिलेला भाऊ

आईवडील दोघेही मुंबईत आणि मुलगा आजीजवळ, अशी ही विभागणी होती. मी महिन्यातून एकदा त्या घरी जात असे. पहिल्या दोन भेटींत मी आजीची प्रकृती, धान्य, पैसे यांविषयी विचारले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून निघाले. तिसऱ्या भेटीत शाळेच्या वेळी तो बकऱ्यांमागे दिसला. आजी म्हणाली की तो शाळेत जात नाही, रात्री अंथरूण ओले करतो आणि बोलत नाही. मी त्याच्याशेजारी बांधावर बसले. बराच वेळ काही न विचारता बसल्यावर त्याने जमिनीकडे पाहत एकच वाक्य म्हटले, ‘मी तिले ढकलेल व्हतं.’

श्रावणात खेळताना त्याने बहिणीला ओट्यावरून ढकलले होते. त्यानंतर दोन दिवसांनी तिच्या पायांवर निळे डाग दिसले, तिने चालणे सोडले आणि तिला मुंबईला नेले ते परत आणलेच नाही. हे सर्व त्याच्या मनात एका सरळ रेषेत जोडले गेले होते आणि चार महिने तो ते एकटा वागवत होता. रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट्स) कमी झाल्यामुळे कातडीखाली रक्त साकळते, ते डाग त्याने ढकलण्यापूर्वीच यायला लागले असतील, हे मी त्याला समजावले. पण माझ्या बोलण्याने त्याचा विश्वास बसला नाही. म्हणून रुग्णालयातील डॉक्टरांशी त्याचे फोनवर बोलणे करून दिले. डॉक्टरांनी त्याला विचारले की ढकलल्याने ताप येतो का. तो ‘नाही’ म्हणाला. ‘मग तो ताप कुठून आला असेल, सांग,’ असे विचारून त्यांनी त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतले. पुढच्या आठवड्यात तो शाळेत गेला. रात्रीचा त्रास जायला मात्र आणखी दोन-तीन महिने लागले.

त्याच्या शिक्षकांना आम्ही एक जबाबदारी दिली, जिचा पुढे फार उपयोग झाला. औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलाला कांजिण्या किंवा गोवर जीवघेणा ठरू शकतो आणि संपर्क आल्यास पहिल्या तीन-चार दिवसांतच डॉक्टरांना कळवावे लागते. आमच्याकडे कांजिण्या आल्या की ‘देवी आली’ म्हणून घर गप्प बसते, त्यामुळे बातमी उशिरा कळते. शाळेत कोणालाही पुरळ दिसले तर सर स्वतः फोन करतील असे ठरले आणि बहीण गावी परतल्यानंतर ते काम भावाने आपल्याकडे घेतले. वर्गातील मुलांच्या हातांकडे तो रोज बारकाईने पाहत असे.

चुकलेली तारीख

एप्रिल २०२४ च्या अखेरीस तीव्र उपचारांचा टप्पा संपला आणि कुटुंब गावी आले. यापुढे साधारण दोन वर्षे चालणारा टप्पा गोळ्यांचा असतो : रोज संध्याकाळी एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या, ठराविक दिवशी रक्ततपासणी आणि ठरलेल्या तारखेला रुग्णालय. निघताना वडिलांना सर्व समजावून सांगण्यात आले होते. गावी आल्यावर मीही जाऊन वडिलांना प्रमाण मराठीत तेच पुन्हा सांगितले, छापील कागद दिला, त्यांनी मान हलवली आणि मी समाधानाने परतले. आई त्या वेळी चुलीपाशी होती. तिला मी काही विचारले नाही.

अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती आणि मुलीची तारीख १४ मेची होती. त्या दिवशी ते मुंबईला पोहोचले नाहीत, असे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून कळले. फोन बंद होता. २० मे रोजी मी गावात गेले, तेव्हा मुलगी अंगणात खेळत होती, गाल भरले होते, आणि माझ्या प्रश्नावर वडील म्हणाले, ‘ताई, पोर ते बरी व्हयनी. आते मना साल कोन करी?’ म्हणजे पोर तर बरी झाली, आता माझे साल कोण करणार?

मागच्या आखाजीला त्यांनी घेतलेली चाळीस हजारांची उचल फिटली नव्हती, कारण सालाच्या मधूनच ते मुंबईला गेले होते. मालकाने त्या काळात तगादा लावला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण या आखाजीला हिशेब झाला, राहिलेली रक्कम नव्या सालात ओढली गेली आणि पेरणीपूर्वीची नांगरट, वखरणी, शेणखत टाकणे अशी कामे समोर असताना चौथ्याच दिवशी चार दिवसांची सुट्टी मागण्याचे धाडस त्यांना झाले नाही. आजीने मुलीसाठी नवस बोलला होता. अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, पौर्णिमेच्या पालखीला मुलीला पायांवर घालायचे आणि मगच ती कुठे जाईल, असे तिचे म्हणणे होते. आईला जायचे होते. पण एकटीने मुंबईला जाणे तिच्या कल्पनेतही बसत नव्हते. आणि पाहुण्यांपैकी एकाने ‘पोरीच्या जातीसाठी आणखी किती’ असेही म्हटले होते. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगग्रस्त मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच कमी दिसते, ती अशा वाक्यांमुळेही, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य त्या अंगणात ऐकताना जीव कासावीस झाला.

त्या दिवशी मी प्रथमच आईशी बोलले, आणि अहिराणीत बोलले. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्करोगपेशी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर तपासणीत त्या दिसेनाशा झाल्या, तरी एक हजार कोटींपर्यंत पेशी लपून राहिलेल्या असू शकतात आणि पुढची सारी औषधे त्यांच्यासाठी असतात. हे आकडे मी सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. मग तिनेच सासूकडे वळून म्हटले, ‘हरळी शे ती. वर दिखस नही, पन खाले मुळी ऱ्हास.’ म्हणजे हरळी आहे ती, वर दिसत नाही, पण खाली मुळी राहते. आठ महिन्यांत कोणत्याही कागदाने जे साधले नव्हते ते या वाक्याने साधले, कारण आजीने सारे आयुष्य हरळी खणण्यात घालवले होते आणि वरचे पान खुडून ती जात नाही हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

नवस मोडावा असे मी सुचवले नाही. यात्रेच्या गर्दीत मुलीला नेणे धोक्याचे होते, एवढेच सांगितले. आजीने एकटीने जाऊन पालखीचे दर्शन घ्यावे, मुलीचे झबले महाराजांच्या पायांवर ठेवून आणावे आणि मुलीला उपचार पूर्ण झाल्यावर न्यावे, असा तोडगा आजीनेच काढला. मालकाशी बोलणे अवघड जाईल असे वाटले होते. गावच्या आशाताईंना, म्हणजे आशा आरोग्य कार्यकर्तीला, सोबत घेऊन आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो. त्याला आजार ठाऊक होता, पण उपचार अजून दोन वर्षे चालणार आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मुलगी घरी आली म्हणजे काम झाले, असे तोही समजत होता. वर्षभराच्या तारखा आम्ही त्याच्यापुढे ठेवल्या. त्या दिवसांत वडिलांचा चुलतभाऊ बदलीवर काम करील आणि रोज कापला जाणार नाही, असे ठरले. २७ मे रोजी, म्हणजे ठरल्या तारखेनंतर तेराव्या दिवशी, मुलगी पुन्हा रुग्णालयात दाखवली गेली.

त्यानंतरची व्यवस्था

वडिलांवरचा भार कायमचा कमी करायचा तर आईला एकटीने प्रवास करता यायला हवा होता. चोपडा तालुक्यातील एका आईच्या मुलावर याच आजाराचे उपचार चालू होते. रुग्णालयाला विनंती करून दोघींच्या तारखा जुळवून घेतल्या. पहिल्या खेपेला वडील जळगाव स्थानकापर्यंत आले, पुढे दोघी आपापली मुले घेऊन गेल्या. दादरला पहाटे उतरून परळला कसे जायचे, केस पेपर कोणत्या खिडकीवर दाखवायचा, हे एका आईने दुसरीला दाखवले. ते मला इतके नेमके दाखवता आले नसते. तिसऱ्या खेपेपासून या मुलीच्या आईने पुढाकार घेतला.

औषधांची व्यवस्था तिच्याच हाती दिली. आठवड्यातून एकदाच द्यायची गोळी चुकून रोज दिली गेली तर ती विषासारखी काम करते, म्हणून तिचा दिवस गावच्या बाजाराचा ठरवला. बाजार कोणी विसरत नाही. रोजच्या गोळीसाठी कालनिर्णयवर तारखेभोवती गोल काढायचे, ते काम भावाकडे गेले. दर १०० गोळ्यांमागे ५ पेक्षा अधिक चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यासात आढळले आहे, त्यामुळे हे गोल मला डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे वाटतात. पत्र्याच्या घरात मे महिन्यात पेटी तापते, म्हणून गोळ्या पेटीतून काढून आतल्या मातीच्या भिंतीतील देवळीत ठेवल्या. हाताने अंग पाहून ताप ठरवू नये, कारण आमच्या उन्हाळ्यात सर्वांचेच अंग गरम लागते. तापमापकात १०० च्या पुढे अर्धा आकडा जरी गेला तरी रात्र असली तरी निघायचे, हे ठरले. पुढच्या पावसाळ्यात एकदा तसे निघावे लागले आणि ती चार दिवस जळगावला दाखल होती. तिला वेळेत प्रतिजैविके मिळाली.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. योजनेतून उपचारांचा खर्च भागतो आणि २०२४ मध्ये तिची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख रुपये झाली; पण बुडालेला रोज कोणत्याही योजनेत मोजला जात नाही. वेचणीचे दोन हंगाम आईच्या हातून गेले. ३० एप्रिल २०२५ च्या आखाजीला हिशेब झाला, तेव्हा मालकाने उचलीचे बोलणे करण्यापूर्वी भिंतीवरचे कालनिर्णय मागवून मुंबईच्या तारखा पाहिल्या आणि मग साल ठरवले. जुन्या उचलीपैकी अठरा हजार रुपये अजूनही वडिलांच्या अंगावर आहेत. मुलगी शाळेत जाते. तिच्या गोळ्या आणखी काही महिने चालायच्या आहेत, आणि आजीने ते झबले धुऊन घडी करून त्याच देवळीत ठेवले आहे.